तार, फायबर आणि मधली डबी : १०० मीटरच्या पुढे नेटवर्क नेताना

तासगाव-सांगली पट्ट्यातल्या बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये नेटवर्कचं काम निघालं की मांडणी बहुतेक ठरलेली असते. गेटवर वजनकाटा आणि त्याचं छोटं ऑफिस, आत लांबवर स्टोरेजची इमारत, तिच्या बाजूला बेदाणा निवडायची शेड. काट्यावरची नोंद आतल्या ऑफिसात दिसायला हवी, आतले कॅमेरे गेटवरच्या टीव्हीवर दिसायला हवेत. इंटरनेट मात्र एकाच टोकाला आलेलं असतं. मधलं अंतर अडीचशे-तीनशे मीटर. मग कोणीतरी म्हणतं, "मध्ये खांबावर एक नेटवर्क स्विच टाकू, पुढं वायर ओढू." दुसरा म्हणतो, वायफायचा रिपीटर लावू. दोन्ही जुगाड चालतात, पहिल्या वळवापर्यंत.

हेच काम नीट कसं करायचं ते पायरीपायरीने सांगतो. उदाहरण कोल्ड स्टोरेजचं घेतलंय, पण कुपवाडच्या एमआयडीसीतल्या दोन शेड असोत, द्राक्षबागेतलं घर आणि पॅकहाऊस असो किंवा एखाद्या संस्थेच्या दोन इमारती, हिशोब तोच.

रिपीटर करतो काय

तांब्याच्या तारेतून जाणारा सिग्नल अंतराबरोबर अशक्त होतो आणि त्याचा आकारही बिघडतो, म्हणून तारेच्या एका तुकड्याची मर्यादा १०० मीटर धरतात. रिपीटर तो बिघडलेला सिग्नल वाचतो, त्यातले शून्य आणि एक ओळखतो आणि नव्याने ताजे करून पुढे पाठवतो. त्या शून्य-एकांत काय लिहिलंय याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. चूक आली तर चूकही तितक्याच जोमाने पुढे जाते.

जुन्या १० एमबीपीएसच्या काळात हबला (म्हणजे अनेक तोंडांच्या रिपीटरला) साखळीने हब जोडत. तेव्हाचा नियम होता पाच-चार-तीनचा : जास्तीत जास्त पाच तुकडे, त्यांना जोडणारे चार रिपीटर आणि पाचांपैकी तीनच तुकड्यांवर संगणक. १०० एमबीपीएस आल्यावर ही सवलत आणखी आकसली. दुसऱ्या वर्गाचे दोन रिपीटर, त्यांच्यात पाच मीटरची तार, आणि टोकापासून टोकापर्यंत सगळं मिळून २०५ मीटर. कारण दोन संगणक एकाच वेळी बोलले तर ती टक्कर ठरावीक वेळात दोघांनाही कळायला हवी, आणि प्रत्येक रिपीटर थोडा वेळ खातो. एखाद्या जुन्या कारखान्यात अजून हब सापडला तर तो काढून टाका, दुरुस्तीच्या फंदात पडू नका.

आज आपण लावतो तो स्विच. तो पूर्ण पॅकेट आत घेतो, तपासतो, बिघडलेलं टाकून देतो आणि चांगलं पुढे पाठवतो. त्यामुळे प्रत्येक पोर्टपासून १०० मीटरची मोजणी नव्याने सुरू होते आणि टक्करीचा प्रश्न उरत नाही. तार आणि फायबर यांच्यामध्ये बसते ती डबी म्हणजे मीडिया कन्व्हर्टर. रिपीटरचंच काम, फक्त एका बाजूला वीज आणि दुसऱ्या बाजूला प्रकाश. काही कन्व्हर्टर निव्वळ रिपीटरसारखे वागतात, त्यांना दोन्ही बाजूंचा वेग एकच लागतो. बरेचसे आतून दोन पोर्टचे स्विच असतात, त्यांना वेगवेगळा वेग चालतो. विकत घेताना हा फरक विचारून घ्या. काट्यावरचा जुना संगणक १०० एमबीपीएसचा आणि फायबर गिगाबिटचं (१००० एमबीपीएस) असेल तर पहिल्या प्रकारची डबी तिथे निरुपयोगी.

या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे. प्रत्येक डबीला वीज लागते. समुद्राखालच्या केबलमध्येही ठरावीक अंतरावर रिपीटर असतो आणि त्याला किनाऱ्यावरून, त्याच केबलमधल्या धातूच्या वाहकातून वीज पुरवावी लागते. आपल्याकडे तर लाईट कधी जाईल याचा भरवसा नाही. म्हणून मार्ग आखताना माझा पहिला प्रश्न अंतराचा नसतो. खात्रीची लाईट कुठे आहे, हा असतो. मधल्या डब्या जितक्या कमी, तितकं नेटवर्क कमी रडतं.

आधी टेप आणि कागद

नकाशावर बोट ठेवून अंतर काढू नका. केबल सरळ रेषेत जात नाही, भिंतीवर चढते, कोपरा घेते, खाली उतरते. टेपने किंवा मोजचाकाने मार्ग चालून मोजा, दोन्ही टोकांना आठ-दहा मीटर गुंडाळी धरा आणि कागदावर तीन गोष्टी लिहा : अंतर, कुठल्या ठिकाणी लाईट आहे, आणि ती कुठल्या वीजमीटरवरची आहे.

तिसरी गोष्ट लोक विसरतात. निवडशेड कधी कधी शेतीपंपाच्या लाईनवर असते, म्हणजे थ्री फेज ठरावीक तासच. त्या शेडमधून पुढे नेटवर्क नेलंत तर शेडची लाईट गेली की पुढचं सगळं बंद. दोन इमारती वेगळ्या डीपीवर असतील तर त्यांचं अर्थिंगही वेगळं. अशा दोन इमारतींना तांब्याची तार जोडली की दोन अर्थिंगमधला विजेच्या दाबाचा फरक तुमच्या स्विचच्या पोर्टवर येतो. वळवाच्या पावसात जवळपास वीज पडली की पोर्ट जातात, कधी अख्खा एनव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग ठेवणारी पेटी) जातो. फायबर काचेचं, त्यातून वीज वाहत नाही.

त्यामुळे नियम सोपा ठेवा. एका छताखाली आणि ९० मीटरच्या आत : तार. एका इमारतीतून दुसरीकडे : फायबर, अंतर ४० मीटर असलं तरी. तारेची मर्यादा १०० मीटर म्हणतात त्यात ९० मीटर भिंतीतली पक्की केबल आणि उरलेले १० मीटर दोन्हीकडच्या पॅच कॉर्डचे (टोकाच्या छोट्या सुट्या तारांचे) असतात. ११५ मीटरवरही पोर्टचा दिवा लागतो, काम सुरू झाल्यासारखं वाटतं, मग उन्हाळ्यात पत्रा तापला की तक्रारी सुरू. तापलेल्या तारेत सिग्नल जास्त झिजतो.

खांबावरचा स्विच का नको, हे आता दिसेल. २६० मीटरसाठी मध्ये दोन डब्या लागतात. दोघींना लाईट हवी, दोघींना पावसापासून झाकायला हवं, आणि इतकं करूनही तीन तांब्याचे तुकडे उघड्यावर राहतात. फायबर घातलं तर मध्ये एकही डबी नाही. डबी दोन्ही टोकांना, छताखाली, यूपीएसजवळ.

वायफायच्या रिपीटरचं दुखणं वेगळं. कोल्ड स्टोरेजच्या भिंती पफ पॅनलच्या, दोन्ही बाजूंनी पत्रा. लहरी आत शिरतच नाहीत. शिवाय एकाच रेडिओचा रिपीटर ऐकतो आणि बोलतो त्याच चॅनेलवर, म्हणून वेग निम्म्याच्या आसपास उतरतो.

खरेदी

फायबर सिंगल मोडच (लांब पल्ल्याची, बारीक गाभ्याची जात) घ्या, ४ कोअर, म्हणजे आत चार काचेचे धागे. एवढ्या अंतरासाठी मल्टिमोडही चालतं (गिगाबिटला ५० मायक्रॉनच्या मल्टिमोडवर ८५० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाने ५५० मीटरपर्यंत जाता येतं), पण आपल्याकडे स्प्लायसिंग (फायबरची टोकं वितळवून जोडणं) करणारी मुलं केबल टीव्ही आणि ब्रॉडबँडच्या कामातली. त्यांच्या पेटीत पिगटेल (एका टोकाला कनेक्टर असलेला फायबरचा तुकडा), पॅच कॉर्ड, सगळं सिंगल मोडचं. दुकानातही तेच मिळतं. एक-दोन कोअर वापरायचे, बाकीचे राखीव. जमिनीतून न्यायचं असेल तर आर्मर्ड, वरून न्यायचं असेल तर आधाराची स्टीलची तार बरोबर असलेली केबल.

कन्व्हर्टर जोडीने घ्या. एका फायबरवर दोन्ही दिशांनी बोलणाऱ्या जोडीत एक डबी 'ए' आणि एक 'बी' असते. 'ए' १३१० नॅनोमीटरवर पाठवते आणि १५५० वर ऐकते, 'बी' त्याच्या उलट. दोन्हीकडे 'ए' लावल्या तर दोघीही एकाच रंगात बोलणार आणि दुसऱ्याची वाट बघणार. दुकानदाराने घाईत एकाच प्रकारच्या दोन डब्या बांधून दिल्या, असं सर्रास होतं. काउंटरवरच स्टिकर वाचा.

डबीतलं प्रकाश सोडणारं मॉड्यूल २० किलोमीटरचं पुरे. "जास्त ताकदीचं घेऊ, कमी पडायला नको" म्हणून ८० किलोमीटरचं घेऊ नका. इतक्या जवळून तेवढा प्रकाश पडला तर समोरचा रिसीव्हर आंधळा होतो आणि मध्ये अटेन्युएटर (प्रकाश मंद करणारा तुकडा) घालायची पाळी येते.

कनेक्टरचा रंग बघा. कन्व्हर्टरला बहुधा निळा, यूपीसी. ब्रॉडबँडवाल्याच्या ओएनटीला (ग्राहकाकडे बसवतात त्या फायबरच्या डबीला) हिरवा, एपीसी, त्याचं टोक तिरकं घासलेलं असतं. हिरवा निळ्यात बसतो, खटकन आवाजही येतो, पण दोन काचांमध्ये फट राहते आणि प्रकाश तिथेच सांडतो.

तांब्याच्या तारेत एकच गोष्ट तपासा. आतला धागा पात्याने खरवडा. आत पांढरट निघाला तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. कॅमेऱ्याला त्याच तारेतून वीज द्यायची असेल तर ते मुळीच नको.

चर, पाईप आणि केबल

आपली काळी जमीन पावसाळ्यात फुगते आणि एप्रिल-मेमध्ये हात जाईल एवढ्या भेगा पडतात. नुसती केबल पुरली की ही हालचाल तिच्यावर येते. एचडीपीई पाईपमधून न्या, दोन-अडीच फूट खोल. रस्ता ओलांडताना बेदाण्याचे ट्रक जातात, तिथे जीआय पाईप. चर बुजवताना फूटभर वर पिवळी पट्टी टाकली तर पुढे जेसीबीवाल्याला ती आधी दिसते. पाईपची दोन्ही तोंडं फोमने बंद करा, नाहीतर घूस आणि पाणी दोन्ही आत.

केबल ओढताना धक्के देऊ नका आणि वळणावर ती मोडू नका. ढोबळ हिशोब असा की ओढताना वळणाची त्रिज्या केबलच्या जाडीच्या वीसपट, बसवून झाल्यावर दहापट. आतल्या सुट्या धाग्याला जुन्या जातीच्या फायबरमध्ये ३० मिलिमीटर त्रिज्या लागते. जी-६५७ जातीचं असेल तर १० मिलिमीटरही सोसतं.

आर्मर्ड केबलचं स्टील हे धातूच आहे, हे लक्षात ठेवा. दोन्ही इमारतींच्या रॅकला ते जोडलंत तर फायबर घालून टाळलेली भानगड मागच्या दाराने परत आली. एका बाजूला अर्थिंगला जोडा, दुसऱ्या बाजूला कापून मोकळं ठेवा.

स्प्लायसिंग

हे काम मशीनवाल्याकडून करून घ्या, पण उभं राहून बघा. वीस मिनिटांत त्याचा हात कळतो. आधी धाग्यावर स्लीव्ह चढवायची, मग आवरण सोलायचं, आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या पुसणीने धागा पुसायचा. स्वच्छ धागा पुसताना बारीक किरकिर ऐकू येते. पुसल्यावर बोट लावायचं नाही. क्लीव्हरने काटकोनात तोडायचा, लगेच मशीनमध्ये ठेवायचा. पडद्यावर दोन टोकं समोरासमोर येतात, ठिणगी पडते, खाली प्रकाशाच्या नुकसानीचा आकडा येतो : ०.०१, ०.०२ डीबी. ०.१ च्या वर आला तर तोडून पुन्हा करायला सांगा. तो म्हणेल, "चालतंय दादा, लिंक येणारच की." लिंक येईलही. तरी पुन्हा करायला सांगा, दोन मिनिटांचं काम आहे.

तुटलेले काचेचे तुकडे काळ्या चिकटपट्टीवर गोळा करायला लावा. बेदाण्याच्या शेडजवळ हे काम असेल तर निवडायच्या टेबलापासून लांब बसवा. हा तुकडा मालात गेला तर डोळ्याला दिसत नाही. चालू फायबरच्या तोंडात डोळा घालू नका, हा प्रकाशही दिसत नाही.

रंगांचा क्रम : निळा, नारंगी, हिरवा, तपकिरी. दोन्ही टोकांना निळा एक नंबरला. चारही कोअर जोडून घ्या. राखीव नंतर जोडू म्हटलं की ते नंतर कधीच येत नाही.

डबी कुठे बसवायची

थंड खोलीत नको. तिथून बाहेर काढली की दमट हवेत तिच्यावर पाणी धरतं. आणि प्लांटरूममध्ये तर नकोच. बऱ्याच कोल्ड स्टोरेजमध्ये अमोनियावर मशीन चालतं आणि अमोनिया तांबं-पितळ खातो. आरजे-४५ चे (तारेच्या टोकाच्या प्लगचे) पिन बघता बघता काळे पडतात. शिवाय मोठ्या मोटरी सुरू होताना लाईट हिसका देते. आतल्या ऑफिसची भिंत उत्तम. सांगली शहरात नदीकाठच्या भागात असाल तर पहिल्या मजल्यावर. २००५, २०१९ आणि २०२१ चे पूर पाहिलेल्या माणसाला याचं कारण सांगावं लागत नाही. जेली भरलेली फायबरची केबल पाण्यात तग धरते, अडॅप्टर नाही.

वीज हा खरा मुद्दा. मालक विचारतात, "एवढ्याशा डबीला यूपीएस कशाला?" कारण कन्व्हर्टर पाच वॉटदेखील खात नाही, पण तो बंद पडला की पलीकडची सगळी इमारत नेटवर्कच्या बाहेर. राऊटरसाठी मिळतो तो छोटा डीसी यूपीएस चालतो, फक्त व्होल्टेज जुळवा. काही डब्या ५ व्होल्टच्या, काही १२ च्या, आणि पिन तीच असते. १२ चा अडॅप्टर ५ च्या डबीत घातला की धूर. अडॅप्टरवर मार्करने नाव लिहा.

मोजणी

केबल आली, जोडली, आता पॉवर मीटर लावा. आधी हिशोब मांडू. २० किलोमीटरचं मॉड्यूल साधारण उणे ९ ते उणे ३ डीबीएम (प्रकाशाच्या ताकदीचं माप) एवढा प्रकाश सोडतं आणि उणे २०-२२ पर्यंत वाचू शकतं. नेमका आकडा डबीबरोबरच्या कागदावर असतो. ३०० मीटर फायबरमध्ये १३१० नॅनोमीटरवर नुकसान जेमतेम ०.१ डीबी. दोन स्प्लाइस धरा ०.२, कनेक्टर एकेक ०.३ ते ०.५. सगळं मिळून दीड-दोन डीबी.

म्हणजे या टोकाला डबीच्या तोंडाशी उणे ६ असेल तर त्या टोकाला उणे ७ ते ८ यायला हवं. उणे १५ आलं तरी दिवा लागेल आणि मुलं सामान आवरायला घेतील. त्यांना थांबवा. सात डीबी कुठेतरी सांडतायत.

कुठे, ते शोधायची युक्ती अशी. दोन्ही दिशांना मोजा, एकदा १३१० वर, एकदा १५५० वर, आणि मीटरची तरंगलांबी दर वेळी बदला. १५५० वर नुकसान ठळकपणे जास्त असेल तर केबल कुठेतरी मुडपली आहे, कारण वाकलेल्या फायबरमधून १५५० आधी निसटतो. बहुतेकदा बॉक्सचं झाकण लावताना धागा चिमटलेला असतो. दोन्ही सारखंच असेल तर मळलेला कनेक्टर, हिरवा-निळा गोंधळ किंवा वाईट स्प्लाइस. आधी कनेक्टर पुसा. निम्मे आजार तिथेच बरे होतात. तरीही नाही सापडलं तर लाल लेझरची पेन लावा, अंधारात मोडलेल्या जागी लाल उजेड झिरपतो.

शेवटचे आकडे बॉक्सच्या झाकणाच्या आतून लिहून ठेवा, तारखेसह.

चालू करताना

कन्व्हर्टरच्या पोटाशी छोटी बटणं असतात. त्यातलं एक एलएफपी, म्हणजे फायबर तुटलं की तांब्याची बाजूही मुद्दाम बंद पाडायची. पुढे देखरेखीसाठी ते चांगलं, पण बसवताना बंद ठेवा. नाहीतर एका ठिकाणी दोष असला की सगळे दिवे विझतात आणि कुठली बाजू मेली ते कळत नाही. आधी फायबरचा दिवा दोन्हीकडे, मग तारेचा, मग संगणक.

वेग आणि डुप्लेक्स (फुल म्हणजे एकाच वेळी दोन्हीकडून बोलणं, हाफ म्हणजे आळीपाळीने) दोन्हीकडे ऑटोवर ठेवा. एका बाजूला कोणी हाताने १०० फुल ठरवून ठेवलं आणि दुसरी ऑटोवर राहिली तर ऑटोवाली हाफवर उतरते. पिंग (चाचणीचं छोटं पॅकेट) छान जातं, मोठी फाईल मात्र रडतरखडत. म्हणून पिंगवर विश्वास ठेवू नका. दोन-तीन जीबीची फाईल पाठवून बघा. गिगाबिटवर सेकंदाला शंभर एमबीच्या आसपास, १०० एमबीपीएसवर अकरा. गिगाबिट असून अकराच मिळत असेल तर तारेतली चारपैकी एखादी जोडी नीट क्रिंप झालेली नाही, कारण गिगाबिटला चारही लागतात.

फायबर सुरू झाल्यावर जुनी वायरची लाईन "असू दे, राखीव" म्हणून त्याच दोन स्विचमध्ये जोडून ठेवू नका. साध्या स्विचमध्ये पॅकेट त्या वर्तुळात फिरत राहतात आणि मिनिटाच्या आत सगळं ठप्प होतं. राखीव तार हवीच असेल तर एका टोकाने काढून ठेवा, किंवा एसटीपी (असं वर्तुळ ओळखून तोडणारी सोय) असलेले स्विच घ्या.

तारेचेच रिपीटर कुठे चालतात

एकाच लांबलचक शेडमध्ये १५० मीटरवर कॅमेरा असेल आणि तिथे लाईट नसेल तर पीओई एक्स्टेंडर योग्य. तो ९० मीटरच्या आसपास मध्ये बसतो, त्याच तारेतून वीज घेतो आणि उरलेली पुढे देतो. स्विच पोर्टला १५.४ वॉट देणारा असेल तर तारेतली गळती, एक्स्टेंडरचं खाणं आणि कॅमेऱ्याचे रात्रीचे इन्फ्रारेड दिवे यांची बेरीज करून बघा. दिवसा चालणारा आणि अंधार पडला की बंद होणारा कॅमेरा दिसला तर ही बेरीज चुकलेली असते.

वजनकाट्याच्या इंडिकेटरमधून येणारी जुनी आरएस-२३२ ची (सिरियल पोर्टची) तार हा वेगळा प्रकार. ती साधारण १५ मीटरच्या पुढे न्यायची नाही. काट्याच्या खोलीतच संगणक ठेवा किंवा तिथे सिरियलचं इथरनेट करणारी डबी लावा, पुढे मग वरचंच फायबर. सिरियलचाच दुसरा प्रकार, आरएस-४८५, असेल तर ते कमी वेगाला १२०० मीटरपर्यंत जातं, पण दोन इमारतींच्या मधली वीज पडायची भीती त्यालाही आहेच.

सुट्या सामानात 'ए' आणि 'बी' दोन्ही प्रकारची एकेक डबी, एक अडॅप्टर आणि दोन निळ्या पॅच कॉर्ड ठेवा. बेदाण्याच्या हंगामात गेटवर ट्रकांची रांग लागलेली असताना सांगलीच्या दुकानात नेमकी 'बी' संपलेली असते.